‘हा सारांश झाला, चिंतन नाही’ असा शेरा आला तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्रजीच्या तासाला वर्षभरात चार कादंबऱ्या झाल्या: हार्पर लीची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’, विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’, एफ. स्कॉट फिट्झजेरल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ आणि चिनुआ अचेबेची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’. या चारांवर मिळून एक चिंतनपर निबंध लिहायचा आहे. पहिला मसुदा शिक्षकांनी ‘हा सारांश झाला, चिंतन नाही’ असा शेरा मारून परत केला. विचारणारीचं म्हणणं, ‘मग चिंतन म्हणून लिहायचं तरी काय? आणि गॅट्सबी मला अजिबात आवडली नाही, ते खरंखरं लिहिलं तर चालेल का?’ मसुदाही तिने सोबत जोडला आहे.

इंग्रजी कादंबऱ्या शिकवण्यात आणि त्यांवरचे निबंध तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देते.

दुसरा प्रश्न सोपा, तो आधी मिटवू. नावड जरूर लिही. चार आवडींपेक्षा एका नावडीतून कितीदा तरी जास्त चांगला परिच्छेद निघतो. कसा, ते गॅट्सबीपाशी आल्यावर सांगते.

आता पहिला. ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’वरचा तुझा परिच्छेद असा संपतो: ‘माणसाच्या मनात दुष्टपणा दडलेला असतो आणि समाजाचे नियम सुटले की तो बाहेर येतो, हे या कादंबरीतून शिकायला मिळतं.’ यात चूक काही नाही. पण हे लिहायला कादंबरी उघडावी लागत नाही, मलपृष्ठावरचा मजकूर पुरतो. निबंध तपासताना मी वाक्यावाक्याला एकच प्रश्न विचारते: पुस्तक न वाचलेल्याला हे लिहिता आलं असतं का? आलं असतं, तर त्यात तुझं काही नाही. ‘हिरवा दिवा हे आशेचं प्रतीक आहे’ (गॅट्सबी), ‘शंख हे लोकशाहीचं प्रतीक आहे’ (लॉर्ड ऑफ द फ्लाइज), ‘अ‍ॅटिकस हा आदर्श पिता आहे’ (मॉकिंगबर्ड) ही तिन्ही वाक्यं तुझ्या मसुद्यात आहेत. दर वर्षीच्या गठ्ठ्यात ती मला पुन्हा पुन्हा भेटतात, बहुतेक वेळा शब्दसुद्धा तेच.

मग तुझं वाक्य कुठलं? वाचताना तू जिथे अडलीस तिथलं. राग आला, कंटाळा आला, मागची पानं पुन्हा चाळावीशी वाटली, एखाद्याची बाजू घेतली आणि पुढे जाऊन ओशाळल्यासारखं झालं, यातलं काहीही चालतं. कथानक शिक्षकांना पाठ असतं. ते वाचताना तुझं काय झालं, ही एकच गोष्ट त्यांना माहीत नसते.

तुझ्याच मसुद्यातून दाखवते. त्यात कंसात एक ओळ आहे: ‘पिगीचं खरं नाव शेवटपर्यंत कळत नाही.’ आधी तो कंस काढ. अख्ख्या परिच्छेदात पुस्तक वाचलेल्या माणसाची म्हणावी अशी तेवढी एकच ओळ आहे, आणि तीच तू कंसात कोंडली आहेस. आता पहिल्या प्रकरणाची पहिली काही पानं पुन्हा वाच. विमान कोसळल्यानंतर बेटावर दोन मुलं एकमेकांना भेटतात. जाडा मुलगा दुसऱ्याला नाव विचारतो. तो सांगतो, राल्फ. मग जाडा मुलगा थांबतो, की आता हा उलट आपलं नाव विचारेल. राल्फ विचारत नाही. थोड्या वेळाने तोच मुलगा विश्वासाने सांगतो, शाळेत मला चिडवायचे ते नाव सोडून कसलीही हाक मार. ते नाव कळल्यावर राल्फ हसत सुटतो, आणि पुढे सगळी मुलं जमल्यावर तेच नाव सर्वांसमोर फोडून टाकतो. शेवटी, सगळं होऊन गेल्यावर, राल्फ ज्या शहाण्या मित्रासाठी रडतो त्याला तिथेही ‘पिगी’च म्हटलेलं आहे.

यात तुझं काय, असं विचारशील. मसुद्यात तू राल्फला ‘सुसंस्कृत नेता’ म्हटलं आहेस. त्या सुसंस्कृत मुलाने पहिल्याच दिवशी काय केलं, ते निबंध लिहीपर्यंत तू विसरून गेली होतीस. का विसरलीस? वाचताना ते हसण्यावारी गेलं का? आणि पुस्तकभर तूही त्या मुलाला त्याच नावाने ओळखलंस, त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं? वर्गातल्या कुणाच्या चिकटलेल्या टोपणनावाची इथे आठवण झाली, तर त्याबद्दल एखादं वाक्य येऊ दे. मग ‘माणसाच्या मनात दुष्टपणा असतो’ या वाक्याचं काय होतं बघ. कादंबरीत क्रूरपणाची सुरुवात रंग फासलेल्या शिकाऱ्यांपासून होत नाही. ती एका भल्या मुलाच्या हसण्यापासून होते, आणि तीही नियम मोडायच्या आधी, कारण तेव्हा बेटावर अजून कुणी नियम केलेलेच नव्हते. हा मुद्दा शिक्षकांना पटेल न पटेल, पण तो तुझा असेल आणि त्याखाली पुस्तकातलं पान असेल.

शंखाचंही तसंच. प्रतीक हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेव आणि दहाव्या प्रकरणातली रात्र घे. शिकाऱ्यांचा म्होरक्या जॅक आणि त्याचे सोबती अंधारात राल्फच्या झोपडीवर तुटून पडतात. पिगीला वाटतं, ते शंख पळवायला आले. पण शंख जागच्या जागी असतो. त्यांनी नेलेला असतो पिगीचा चष्मा, आग पेटवायला. ज्या वस्तूमुळे इतके दिवस बोलण्याचा हक्क मिळत होता, ती आता चोरण्याच्याही लायकीची उरलेली नाही. एवढं लिहिलंस की प्रतीक-बितीक सगळं त्यात आलं.

(चष्म्यावरून आठवलं. पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याची भिंगं अंतर्वक्र असणार, आणि अशा भिंगांनी सूर्यकिरण एकवटत नाहीत. त्याच्या चष्म्याने आग पेटणं शक्यच नाही. विज्ञानाची आवड असलेल्या मुलांना ही चूक सापडली की ती हरखून जातात आणि अर्धा निबंध तिच्यावर घालवतात. एक ओळ लिहून पुढे जायचं.)

‘थिंग्ज फॉल अपार्ट’वरचा परिच्छेद तुझ्या मसुद्यातला सगळ्यात नीटनेटका, आणि मला सगळ्यात जास्त तोच खटकला. ‘ओकोन्को हा तापट आणि अहंकारी माणूस होता. काळाबरोबर न बदलल्यामुळे त्याचा नाश झाला.’ आता कादंबरीचं शेवटचं पान काढ. कादंबरीचा नायक ओकोन्को याने गळफास घेतला आहे. तिथल्या रीतीप्रमाणे त्याची माणसं त्या देहाला हात लावू शकत नाहीत, परक्यांनीच तो खाली उतरवायचा. त्याचा मित्र ओबिएरिका ब्रिटिश डिस्ट्रिक्ट कमिशनरला तोंडावर सुनावतो, की आमच्या उमुओफिया गावातल्या एका थोर माणसाला तुम्ही आत्महत्या करायला लावलीत. कमिशनर तिथून निघतो आणि वाटेत स्वतःच्या पुस्तकाचा विचार करू लागतो. या माणसावर एक अख्खं प्रकरण लिहिता येईल. प्रकरण नाही तर निदान बऱ्यापैकी एक परिच्छेद. बाकी तपशील गाळावे लागतील. पुस्तकाचं नावही त्याने ठरवून टाकलेलं आहे आणि त्या नावात ‘आदिम जमाती’ आहेत.

अचेबेने पंचवीस प्रकरणं लिहिली, आणि ज्याच्यासाठी लिहिली त्याला हा अधिकारी एका परिच्छेदात बसवतो. आता तुझा परिच्छेद पुन्हा वाच. कमिशनरने लिहिला असता तर जवळपास असाच लिहिला असता.

टोचावं म्हणून म्हणत नाही. युरोपीय लेखकांनी आफ्रिकेतल्या माणसांना जसं रंगवलं होतं, त्याला उत्तर म्हणून 1958 साली ही कादंबरी आली, आणि माणसाचा सारांश करून टाकण्याच्या सवयीशीच तिचं भांडण आहे. ती सवय स्वतःच्या वहीत सापडणं यापेक्षा चांगला ऐवज चिंतनाला मिळायचा नाही. मसुद्यातली ती दोन वाक्यं खोडू नकोस. निबंधात अवतरणचिन्हांत घाल आणि लिही, की शेवटचं पान वाचूनसुद्धा मी हे असं लिहिलं होतं. मग या सारांशातून काय गळलं ते शोध. इकेमेफुना गळला. तीन वर्षं घरात वाढलेला, ओकोन्कोला बाप म्हणणारा मुलगा. गावाने त्याला मारायचं ठरवलं तेव्हा म्हाताऱ्या एझेउडूने बजावलं होतं, याच्या मरणात तुझा हात असू देऊ नकोस. तरीही आपण दुबळे ठरू या भीतीने ओकोन्कोने त्याच्यावर कोयता चालवला, आणि मग दोन दिवस अन्नाला शिवला नाही. ‘अहंकारी’ या शब्दात ते दोन दिवस मावतात का? मला विचारशील तर नाही, पण तू वेगळं म्हणालीस तरी हरकत नाही. त्या दोन दिवसांशी झटापट केलेली दिसली पाहिजे.

गॅट्सबी. तू लिहिलं आहेस, ‘सगळे श्रीमंत, सगळे स्वार्थी, मला कुणाबद्दलच काही वाटलं नाही.’ आधी थोडा धीर देते. 1925 साली ही कादंबरी आली तेव्हा तिचा खप लेखकाच्या अपेक्षेपेक्षा बराच कमी झाला. 1940 साली फिट्झजेरल्ड वारला तेव्हाही तिच्या प्रती प्रकाशकाकडे पडून होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना खिशात मावतील अशी पुस्तकं फुकट वाटली गेली, त्यात हिच्या दीड लाखांहून जास्त प्रती होत्या, आणि तिची कीर्ती वाढली ती त्यानंतरच्या काळात. तेव्हा न आवडणाऱ्यांच्या रांगेत तू एकटी नाहीस.

पण ‘आवडली नाही’ म्हणून पूर्णविराम देऊ नकोस. कंटाळा नेमका कुठे सुरू झाला? माझे बरेच विद्यार्थी चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीचं नाव घेतात. त्या उन्हाळ्यात गॅट्सबीच्या मेजवान्यांना कोण कोण आलं, त्याची गोष्ट सांगणाऱ्या निकने जुन्या वेळापत्रकाच्या कोऱ्या जागेत केलेली यादी तिथे आहे. नावांमागून नावं, कुणाचा काही संबंध नाही. सरळ गाळावीशी वाटते. आता नववं प्रकरण आठव. गॅट्सबीला पुरायची वेळ येते आणि निक माणसं गोळा करायला धडपडतो. त्या यादीतला क्लिपस्प्रिंगर, जो गॅट्सबीच्या घरी फुकट राहायचा, तो फोन करतो. अंत्यविधीला येणं टाळतो आणि घरी राहिलेले आपले टेनिसचे बूट पाठवून द्याल का, असं विचारतो. मेजवान्यांना येणाऱ्यांपैकी स्मशानात पोहोचतो तो एकच, घुबडासारखा चष्मा लावणारा. त्यालाही निकने कळवलेलं नसतं, आणि यादीत त्याचं नावही नव्हतं. तुला कंटाळवाणी वाटलेली यादी म्हणजे न आलेल्यांची यादी.

यावर तू दोन तऱ्हांनी लिहू शकतेस. एक, तो कंटाळा लेखकाने मुद्दाम आणला होता आणि त्याची वसुली पाच प्रकरणं पुढे जाऊन केली. दुसरी, हे कळलं तरी मला अजूनही कुणाचं काही वाटत नाही, कारण हे सगळं मला निक सांगतो आहे आणि माझा निकवर विश्वास नाही. दुसरीसाठीही पुस्तकात भरपूर सापडेल. मी कुणाबद्दल पटकन मत बनवत नाही असं म्हणत हा माणूस सुरुवात करतो आणि पुढे सगळ्यांची मापं काढतो. मला भेटलेल्या मोजक्या प्रामाणिक माणसांपैकी मी एक, असंही स्वतःच सांगतो, आणि नात्यातल्या विवाहित डेझीची गॅट्सबीशी गाठ स्वतःच्याच घरी घालून देतो. नावड अशी पुराव्यानिशी मांडलीस तर गुण कापायला शिक्षकांना कारण सापडणार नाही.

‘टु किल अ मॉकिंगबर्ड’बद्दल थोडक्यात, कारण तुझा तो परिच्छेद तसा बरा आहे. फक्त अ‍ॅटिकसवरून, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या स्काउटच्या वडिलांवरून, नजर जरा हलव. बाराव्या प्रकरणात घरची काळी स्वयंपाकीण कॅल्पर्निया स्काउट आणि तिचा भाऊ जेम यांना आपल्या चर्चमध्ये नेते. तिथे स्काउटला पहिल्यांदा जाणवतं, की आपल्या स्वयंपाकघरात दिसते त्यापलीकडे हिला एक वेगळं आयुष्य आहे. ती विचारते, तुझ्या घरी येऊ का कधी? कॅल्पर्निया म्हणते, हवं तेव्हा ये. पुढे अलेक्झांड्रा आत्या त्याला साफ नकार देते, आणि विषय तिथेच मिटतो. कादंबरी संपते तरी आपण कॅल्पर्नियाचं घर पाहत नाही. 1960 साली आलेली, दुसऱ्याच वर्षी पुलित्झर मिळवणारी ही कादंबरी वंशभेदाविरुद्धची म्हणून शिकवली जाते, आणि तिच्यातली काळी माणसं आपल्याला गोऱ्या मुलीच्या नजरेतूनच दिसतात, अशी टीकाही तिच्यावर होते. त्या घराचं दार तुला वाचताना आठवलं होतं का? नसेल तर ‘नाही’ असंच लिही.

एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल, की चारही ठिकाणी मी तुला एकाच प्रश्नाकडे ओढते आहे: ही गोष्ट सांगतंय कोण, आणि त्याला काय दिसत नाही? चार कादंबऱ्या एका निबंधात बांधायला एवढा धागा पुरतो. त्यातल्या दोन कादंबऱ्यांच्या शेवटच्या पानांची जोडी तर हातात घेण्यासारखी आहे. गोल्डिंगची कादंबरी 1954 सालची, अचेबेची 1958 सालची. दोन्ही शेवटच्या क्षणी इतका वेळ चाललेल्या गोष्टीतून बाहेर पडतात आणि एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेत शिरतात. नौदलाच्या अधिकाऱ्याला किनाऱ्यावरची रानटी झालेली मुलं आधी खेळात रंगल्यासारखी वाटतात, आणि त्याची स्वतःची युद्धनौका मागे समुद्रात उभी असते. कमिशनरला झाडावरच्या देहात पुस्तकाचा मजकूर दिसतो. दोघांना समोरचं काही कळलेलं नाही, आणि कळलेलं नाही हे फक्त वाचकाला माहीत आहे. पण मी दिला म्हणून हाच धागा घे असं नाही. तुला मैत्रीत जास्त रस असेल तर तो घे, चारही पुस्तकांत त्याची सोय आहे.

चौघांना सारखी जागा द्यायची गरज नाही. मसुद्यात तू प्रत्येकीला मोजून एक परिच्छेद दिला आहेस, आणि तिथेच तो गोषवाऱ्यासारखा दिसायला लागतो. एका कादंबरीला दीड पान आणि दुसरीला चार ओळी असं झालं तरी चालतं, फक्त चार ओळी का, ते वाचणाऱ्याला निबंधातूनच उमगलं पाहिजे.

‘मी’ किती वापरावा, असं मुलं नेहमी विचारतात. कादंबरीचं नाव घेऊन तीन पानं स्वतःबद्दल लिहिलेले निबंधही माझ्याकडे येतात आणि त्यांचाही उपयोग नसतो. माझा हिशेब सोपा आहे: प्रत्येक ‘मला वाटलं’खाली पुस्तकातली एक जागा असावी, आणि स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग दोन-तीन वाक्यांत आटपावा.

गाईड आणि चॅटबॉटबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचार मनात येऊन गेला असणारच. वाचून झाल्यावर कोण कुणाचा कोण, एवढं ताडून बघायला ते ठीक. निबंध त्यांच्याकडून घेतलास तर मिळतील ती बरोबर मी वर नापास केलेली वाक्यं, फक्त इंग्रजी जरा गुळगुळीत.

पहिली टिपणं ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत कर, अगदी तुटक मराठीत केलीस तरी चालेल. इंग्रजी वाक्यं नंतर रचता येतात. इंग्रजीत लिहिताना कादंबरीतल्या घटना वर्तमानकाळात ठेव, अवतरण दोन ओळींच्या वर जाऊ देऊ नकोस आणि पानाचा क्रमांक विसरू नकोस. वर्गात वापरली तीच आवृत्ती धर, नाहीतर क्रमांक जुळणार नाहीत.

‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ हा पहिला परिच्छेद आणि ‘या चार कादंबऱ्यांनी मला चांगली व्यक्ती बनवलं’ हा शेवटचा, दोन्ही काढून टाक. सुरुवात सरळ पिगीच्या नावापासून कर. शेवटी, जे अजून सुटलेलं नाही ते लिही, मग ते ओकोन्कोचे उपाशी दोन दिवस असोत की निकवरचा अविश्वास. शब्दमर्यादा ओलांडली तर कात्री कथानक सांगणाऱ्या वाक्यांना लाव.